न्हाणीघराचा ताबा

नानांचे नाक गेले, त्याला बराच काळ लोटला होता. एका दीर्घ पडशाबरोबर ते गेले आणि पडसे उतरल्यावरही परतले नाही. डोळ्यांचे पाणी थांबले, आवाज मोकळा झाला. परंतु ज्या नाकाने उभी हयात औषधी अर्कांची पारख केली, बाटलीचे बूच नुसते सैल करून आत काय आहे ते सांगितले, त्या नाकाला पुढे चहा आणि कढत पाणी यांतला भेदही कळेना. डॉक्टरांनी ते वयाच्या माथी मारले. नानांनीही फारशी हुज्जत घातली नाही. जे गेले ते गेले. उरलेल्या इंद्रियांकडून काम करून घ्यावे, असा त्यांचा स्वभाव.

ज्याला स्वतःला वास येत नाही त्याला इतरांच्या मुद्रा वाचाव्या लागतात, हे त्यांना लवकरच कळले. दूध नासले आहे काय, हे ते सुनेच्या भुवयांवरून ओळखत. भाजी करपू लागली की मुलाची मान स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळे आणि नाना शेगडी मंद करीत. या परस्वाधीन विद्येत ते इतके निष्णात झाले होते की त्यांचे नाक गेले आहे, हे मुला-सुनेच्या फारसे लक्षातही राहत नसे.

नाना एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर बदलले, बाक बदलले, दारावरची पाटीदेखील बदलली; मागच्या खोलीतले नाना तेवढे तसेच राहिले. त्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. हात धुताना, बाटल्या विसळताना, गोळ्या मोजताना त्यांनी ती भिंत पाहिली. दवाखाना बंद झाला, पाठोपाठ पत्नी गेली, आणि मग मुलाने त्यांना आपल्या घरगाडीत आणले.

मुलाचा उद्योग पवनचक्क्यांचा. दोरावर लोंबकळत त्यांची पाती तपासायची, चिरा बुजवायच्या, आणि एका माळावरचे काम संपले की पुढच्या माळावर जायचे. घर एका जागी असून भागण्याजोगे नव्हते, म्हणून त्याने घरालाच चाके लावून घेतली होती. गाडीत पुढे चालकाची जागा, तिच्या मागे एक मेज, जे रात्री खाली सरकवले की नानांचा पलंग होई; मग ओटा, त्यासमोर न्हाणीघर, आणि शेवटी मुला-सुनेची झोपायची जागा. सून त्याच मेजावर संगणक मांडून दूरच्या मुलांना गणित शिकवी. न्हाणीघर उभ्या कपाटाएवढे. एका अंगाला संडास, दुसऱ्या अंगाला भिंतीतून बाहेर ओढायचे हात धुण्याचे भांडे, आणि पायाखाली लाकडी पट्ट्यांची फळी. त्या फळीवर उभे राहून स्नान करायचे, पाणी फळीखालच्या जाळीतून खालच्या टाकीत जायचे.

नानांना हे घर फार आवडले. खिडकी तीच राही आणि पलीकडचे जग बदले, हे त्यांना एखाद्या थोर कृपेसारखे वाटे. कधी बाहेर गवताची टेकडी असे, कधी बंद पडलेला कारखाना, कधी नुसते धुके. सकाळी उठून पडदा सरकवण्यापूर्वी ते क्षणभर थांबत. आपल्या वयाच्या माणसाने उद्याची उत्सुकता बाळगावी हे जरा अशोभनीयच, असे त्यांना वाटे, आणि तरीही ते थांबत.

वासाची गोष्ट त्यांना प्रथम सुनेच्या खांद्यांवरून कळली. उन्हे तापू लागली होती. दुपारची शिकवणी संपवून ती न्हाणीघराचे दार उघडू लागली, तेव्हा तिने दीर्घ श्वास घेतला, खांदे वर गेले, आणि आत जाऊन बाहेर येईपर्यंत ते खाली आलेच नाहीत. बाहेर येऊन तिने श्वास सोडला. नानांनी ते पाहिले आणि आपण वर्तमानपत्र वाचत आहोत असे दाखवले. मग न्हाणीघराच्या छोट्या खिडकीला उघडी राहण्यासाठी एक काडी लागली. मग कोपऱ्यात एका वाडग्यात लाकडी कोळसे आले. कोळसा वास शोषतो हे नानांइतके त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. दवाखान्याच्या कपाटात त्यांनीच तो ठेवलेला असे.

मुलाने हा प्रश्न कर्तव्य म्हणून हाती घेतला. गाडीच्या पोटात दोन टाक्या होत्या, एक मैल्याची आणि एक सांडपाण्याची. त्याने दोन्ही रिकाम्या केल्या, स्वच्छ पाण्याने खळखळून धुतल्या, त्यांत निळे औषध ओतले. संडासाच्या झडपेचे रबरी कडे बदलले. टाकीतला वायू वर सोडणारी नळी टपापर्यंत गेलेली असते. टपावर चढून तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने केलेले मातीचे घर त्याने खरवडून काढले आणि आता बघा, अशा मुद्रेने तो खाली उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचे खांदे पुन्हा वर गेले.

अखेर गाडी एका मिस्त्रीच्या आवारात नेली. अशा घरगाड्यांच्या पोटात हात घालून त्याचे केस पिकले होते. त्याने आत शिरताच कसलीही विचारपूस न करता पाण्याची मोठी नळी आणली आणि सगळी भोके तपासण्यासाठी संडासात, भांड्यात, फळीखाली, सर्वत्र भरपूर पाणी सोडले. पाणी झरझर वाहून गेले. मग त्याने फळी उचलली, आत डोकावला, नाक वर करून चहूकडे फिरवले.

“वास कुठंय?” त्याने विचारले.

मुलाने हुंगले, सुनेने हुंगले. नाना त्यांच्या मुद्रा पाहत होते. वास खरोखरच नव्हता.

“लाजाळू दिसतोय तुमचा वास,” मिस्त्री म्हणाला. “परकं माणूस बघितलं आणि आत जाऊन बसला.”

“घरी असतो तेव्हा चांगला धीट असतो,” मुलगा म्हणाला.

मिस्त्रीने तरीही खाली पालथा पडून एकूण एक सांधा पाहिला, टाक्यांवर वाजवून पाहिले, टपावर चढला. उतरल्यावर हात पुसत म्हणाला, की गाडी ठणठणीत आहे, तिला उगाच नावे ठेवू नयेत. “गाडीत खोट नाही. आता वापरणाऱ्यांचं बघा.”

हे तो सहज बोलला. पण त्यानंतर एक गोष्ट घडली, आणि ती फक्त नानांनी टिपली. मुलाने आणि सुनेने नानांकडे पाहिले नाही. मुलगा मिस्त्रीकडे पाहत राहिला, सून आपल्या पायांकडे. तिघांतल्या दोघांनी तिसऱ्याकडे न पाहण्याची इतकी खबरदारी घ्यावी, यात जे काय समजायचे ते नाना समजले.

परतीच्या वाटेवर त्यांनी त्या प्रश्नाचा विचार एखाद्या बिघडलेल्या मिश्रणाचा करावा तसा केला. मिश्रणात तीन द्रव्ये. दोन पूर्वीपासून एकत्र होती, तेव्हा बिघाड नव्हता. तिसरे घातले आणि काही काळाने बिघाड झाला. पात्र तपासले, पात्र निर्दोष निघाले. मग निष्कर्ष काढायला फार मोठा रसायनज्ञ लागत नाही. म्हातारपणी शरीर फितूर होते, हे त्यांनी दवाखान्यात पाहिले होते. कपड्यांना वास येणारी कितीतरी माणसे समोरच्या बाकावर बसत. त्यांच्यापैकी एकालाही ते ठाऊक नसे. नाना त्यांना औषध देताना श्वास रोखून धरीत, हसतमुखाने. आता तोच हसतमुख रोखलेला श्वास त्यांच्या वाट्याला आला होता, आणि तो इतक्या नेमकेपणाने ओळखू येत होता, याचे कारण त्यांनी स्वतःच तो पुष्कळ वर्षे वापरला होता.

त्या दिवसापासून त्यांनी स्वच्छतेचे व्रत अधिक कडक केले. व्रत तसे जुनेच होते. ज्या वृद्ध कंपाउंडराच्या हाताखाली ते घडले, तो म्हणत असे की ओले भांडे म्हणजे न धुतलेले भांडे. तळाशी राहिलेला एक थेंब पुढचे औषध बिघडवतो. नानांनी आयुष्यात एकही बाटली ओली ठेवली नाही. घरगाडीत आल्या दिवसापासून न्हाणीघर शेवटी वापरायचे ते नानांनी, आणि वापरून झाल्यावर पुसून काढायचे तेही त्यांनीच, असा परिपाठ पडून गेला होता. आता ते दोनदा स्नान करीत, आतले कपडे उकळत्या पाण्यात बुडवीत, आणि न्हाणीघर असे पुसत की मागे मनुष्य येऊन गेल्याची खूण राहू नये. इतके करून सुनेच्या खांद्यांकडे पाहत. खांदे बधत नव्हते.

मध्यंतरी लेकीने त्यांना चार दिवस आपल्याकडे नेले. तिचे घर जमिनीवरचे, पक्के, शहराच्या कडेला. तिला केव्हापासून वाटत होते की नानांनी आता तिथेच राहावे. शिलाईयंत्राची खोली त्यांना मोकळी करून देते, म्हणाली. नानांनी एकदा, ती भाजी निवडत असताना, जणू हवापाण्याची गोष्ट काढावी तसे विचारले, की माझ्या अंगाला वास येतो का ग. तिने मानही वर केली नाही. काहीतरीच काय नाना, म्हणाली. नानांनी तिचे उत्तर ऐकून घेतले आणि बाजूस ठेवले. लेकीची साक्ष कोणत्याही कोर्टात टिकत नाही.

परत घरगाडीत आले तेव्हा न्हाणीघरातून कोळशाचा वाडगा नाहीसा झाला होता. खिडकीची काडी काढलेली होती. सून आत गेली, आणि तिचे खांदे सरळ, सैल होते. ती चक्क गुणगुणत होती. नाना मेजाशी बसून राहिले. आपण नव्हतो आणि वास नव्हता. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे त्यांनी स्नान केले, सर्व पुसून काढले. संध्याकाळी वाडगा कोपऱ्यात परत आला होता.

यानंतर पुरावा मागण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी चहाच्या वेळी सांगितले की गाडीची पायरी आता गुडघ्यांना उंच पडते, आणि लेक एवढी म्हणते आहे, तर तिकडेच राहावे असे मनात आहे. मुलगा एकदम नको म्हणाला, पण ते नको जरा घाईचे होते. नंतर तो म्हणाला, की तुम्हाला तिकडे बरे वाटत असेल तर, आणि वाक्य तिथेच सोडून दिले. सून पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. तिने तेच कप पुन्हा विसळले. कोणीही कोणाचे मन दुखवले नाही. नानांना वाटले, एवढ्या सौजन्याने माणसाला घराबाहेर काढता येते, हे आपल्याला आधी ठाऊक नव्हते. मग हा विचार अन्यायाचा आहे असे वाटून त्यांनी तो मागे घेतला. मुले वाईट नव्हती. नाक कोणाच्या हातात असते?

ज्या दिवशी दुपारी लेक न्यायला येणार होती, त्या दिवशी सकाळी मुलगा पात्यावर लोंबकळत होता. खिडकीतून तो दूरवर एखाद्या कोळ्यासारखा दिसत होता. नानांनी आपली पेटी भरली. पडदा सरकवून बाहेर पाहिले. उंच गवत होते, वाऱ्याने एका बाजूला निजलेले. हे शेवटचे, असे मनाशी म्हणावे असा मोह झाला, पण म्हटले नाही.

एक काम मात्र राहिले होते. त्यांच्या व्यवसायात जाणारा मनुष्य नुसता उठून जात नसे. तो पुढच्याला ताबा देई. प्रत्येक कपाट उघडून दाखवी, प्रत्येक बाटलीवर हात ठेवून तिचा स्वभाव सांगे, कोणती उन्हापासून जपायची, कोणत्या बाटलीचे बूच घट्ट बसते. आणि पुढचा ‘मिळालं’ म्हणाला की मगच अंगावरचा पांढरा कोट उतरवी. ताबा न देता गेलेला कंपाउंडर पळून गेला असे समजले जाई. नानांना पळून जायचे नव्हते.

“सूनबाई,” ते म्हणाले, “पाच मिनिटं आहेत का? न्हाणीघराचा ताबा घे.”

तिला हसू आले. कित्येक दिवसांत ती त्यांच्यासमोर अशी हसली नव्हती. “बापरे. म्हणजे किल्ल्या वगैरे आहेत की काय?”

“किल्ल्या नाहीत. पद्धत आहे. माझ्यामागे कुणी पुसलं नाही तर चार दिवसांत बुरशी धरेल.”

ती आली. आत एकच माणूस मावत असल्यामुळे ती दारात उभी राहिली. नानांनी तिच्याकडे नजर टाकली. खांदे वर गेले होते. त्यांनी तिकडे दुर्लक्ष करून काम सुरू केले. प्रथम आरसा, वरून खाली. मग नळाचे तोंड, कारण तिथे क्षार धरतात. मग भिंती, कोपऱ्यांतून मध्याकडे. प्रत्येक जागेसाठी फडके वेगळे, आणि फडके पिळून नव्हे, कोरडे. ते संथपणे बोलत होते, जणू कोणा नव्या उमेदवाराला विषारी औषधांचे कपाट दाखवत आहेत. सून श्वास रोखता येईल तेवढा रोखून मान हलवीत होती. थोड्या वेळाने तिला श्वास घ्यावाच लागला, पण तिचे नाक आक्रसले नाही.

नाना पुढे सरले. त्यांनी पायाखालची लाकडी फळी उचलून उभी केली. खाली जाळी होती. जाळी काढली. जाळीखाली, भोकाच्या तोंडाशी बसवलेली, एक प्लास्टिकची वाटी होती. वाटीच्या मध्यातून एक आखूड नळी उभी होती आणि तिच्यावर टोपी पालथी घातलेली. टोपी काढून नानांनी वाटी बाहेर काढली. सुनेने सकाळी स्नान केले होते. वाटीत त्याचे पाणी राहिले होते.

“हे बघ,” ते म्हणाले. “इथे रोज पाणी साचतं. सगळ्यांच्या अंघोळीचं. हे कुणी बघत नाही, कारण ते फळीखाली असतं. आपलं ठेवायचं झाकून, तसलं काम.”

त्यांनी ते पाणी ओतून टाकले. वाटी साबणाने धुतली. मग कोरड्या फडक्याने आतून पुसली, बाहेरून पुसली, नळीच्या आत फडक्याचे टोक पिळून घातले, आणि वाटी खिडकीच्या उजेडात धरून डोळे बारीक करून पाहिली. एकही थेंब नव्हता. त्यांनी ती परत जागेवर बसवली, टोपी घातली, जाळी लावली.

सुनेने आता पदराने नाक धरावे तसा हात नाकाशी नेला होता. पण या वेळी ती मागे हटली नाही. तिच्या मुद्रेवर किळस होती आणि किळसेच्या आड दुसरे काहीतरी जागे होत होते. गणित शिकवताना एखाद्या मुलाने उत्तर बरोबर आणि रीत चुकीची लिहिली की तिच्या कपाळावर जी आठी पडे, ती आठी.

“नाना, ही वाटी तुम्ही रोज अशी कोरडी करता?”

“रोज. आलो त्या दिवसापासून. पहिल्या दिवशी उघडून बघितलं तर बोटभर पाणी तुंबलेलं. म्हटलं, इतकी शिकलेली मुलं, आणि हे कुणाच्या लक्षात नाही.”

“आणि तुमच्यानंतर दिवसभर इथे पाणी कुणी ओततं?”

“कशाला ओतेल? सगळ्यांच्या अंघोळी आटोपलेल्या असतात.”

ती आत आली. दोघांना तिथे उभे राहता येईना, म्हणून नाना संडासाच्या झाकणावर बसले. सूनबाईने जाळीवर वाकून हुंगले आणि तोंड वाकडे केले. नंतर तिने अंघोळीचा मग उचलला, नळाखाली भरला, आणि जाळीत हळू ओतला. थांबली. पुन्हा वाकून हुंगले. नानांची दृष्टी तिच्या खांद्यांवर होती. ते खाली आले.

तिने जाळी काढली, वाटी बाहेर घेतली, पाणी ओतून टाकले, नानांच्या हातातले फडके मागून घेऊन ती कोरडी केली, परत बसवली. वाकली. खांदे वर. मगभर पाणी ओतले. खांदे खाली. नानांना दवाखान्यातला लिटमसचा कागद आठवला. तोही असाच, आम्लात बुडवला की लाल आणि आम्लारीत बुडवला की निळा, कोणाची भीड न बाळगता. समोर ज्या गोष्टीची परीक्षा चालली होती ती आपण आहोत आणि आपण तिच्यातून सुटत आहोत, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

तिने समजावून सांगितले ते थोडक्यात होते. खाली टाकी, टाकीत घाण, घाणीचा वायू वर यायला पाहतो. त्याच्या वाटेवर ही वाटी. टोपीची कड वाटीतल्या पाण्यात बुडलेली राहते, म्हणून वायू अडतो. ते दोन बोटे पाणी म्हणजेच त्या भोकाचे दार. मिस्त्रीने आल्याआल्या नळीने पाणी सोडले, दार लागले, वास गेला. नाना लेकीकडे गेले, वाटी कोणी पुसली नाही, दार लागलेलेच राहिले.

“आणि मी ते रोज उघडं टाकत होतो,” नाना म्हणाले.

“उघडं म्हणजे चांगलं पुसून, चकचकीत करून उघडं.”

ती हसू दाबत होती असे वाटले; पण ती हसत नव्हती. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली, फडके हातात तसेच धरून.

“नाना, खरं सांगू? आम्हाला वाटलं, तुम्हीच.”

“मला ठाऊक आहे.”

“मी ह्यांना म्हटलं होतं, डॉक्टरांना दाखवू या. हे म्हणाले, नको, वाईट वाटेल.”

“मलाही वाटलं, मीच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललीस?”

बाहेर वारा गवत निजवत होता. तिने हात पुढे करून ते फडके त्यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, की बाकी सगळे पुसा, आरसा पुसा, भिंती पुसा, हवे तर गाडीची चाके पुसा. एवढ्या वाटीला हात लावायचा नाही.

दुपारी लेक आली ती गाडीची मागची जागा मोकळी करूनच. तिला सर्व हकीकत वहिनीने सांगितली. लेक आधी हसली, मग हसता हसता तिचा चेहरा उतरला. शिलाईयंत्र तिने एकटीने जिन्यावरून खाली नेले होते, भिंतीला रंग काढला होता. ते ती बोलली नाही. बोलली ते निराळेच.

“मी सांगितलं होतं ना तुम्हाला, वास येत नाही म्हणून? माझ्या शब्दावर विश्वास नाही, आणि वहिनीच्या नाकावर आहे.”

नानांनी ते मान खाली घालून ऐकले. उत्तर होते, पण देण्याजोगे नव्हते. तिने मला वाईट वाटू दिले आणि तू दिले नसतेस, हे लेकीला कसे सांगावे? त्यांनी थंडीच्या दिवसांत तिच्याकडे येऊन राहण्याचे वचन दिले, तेव्हा ती जरा निवळली. पेटी मात्र तिने उचलून पाहिली आणि हलकी आहे असे म्हणून पुन्हा बाकाखाली सरकवली.

मुलगा संध्याकाळी उतरून आला. त्याला सांगितले तेव्हा त्याने कमरेचा पट्टाही सोडला नाही. आत जाऊन फळी उचलली, बराच वेळ खाली पाहिले, मगभर पाणी ओतले आणि बाहेर आला.

“मी टपावर चढलो,” तो म्हणाला. “टाक्या उपसल्या. रबर बदललं. मिस्त्री झाला.”

“आणि विचारलं मात्र कुणाला नाही,” त्याची बायको म्हणाली.

त्याने वडिलांकडे पाहिले. आवारातल्या त्या दिवसापासून तो त्यांच्याकडे असा सरळ पाहत नव्हता. काही म्हणावे असे त्याच्या मनात होते, ते ओठांपर्यंत आले आणि तिथून, “गुडघ्यांचं काय म्हणत होता, पायरी खाली करून देऊ का?” एवढेच बाहेर पडले. नाना म्हणाले, कर.

येथे गोष्ट संपली असे मुला-सुनेला वाटले. नानांची संपली नव्हती. वाडगा गेला, काडी गेली, खांदे सैल राहिले. परंतु माणसे कोळशाचा वाडगा दयेपोटीही काढून ठेवू शकतात. खांदेही सांभाळता येतात. एकदा ज्यांनी आपल्या समाधानासाठी खोटे वागून दाखवले, ते पुन्हा तसे वागणार नाहीत कशावरून? वाटीचा दोष खरा होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण वाटीबरोबर थोडा दोष आपलाही असेल, आणि मुले तो गिळून बसली असतील, ही शंका मनाच्या तळाशी राहिली. ती पुसून काढण्याचे फडके नव्हते. ते रोज मगभर पाणी त्या जाळीत ओतत, देवाला अर्घ्य द्यावे तसे सावकाश, आणि शंका घेऊन बाहेर येत.

माळ बदलला. नव्या जागी खिडकीबाहेर एक विस्तीर्ण तळे होते, आणि उकाडा इतका की सकाळीच पत्रा तापे. नाना मेजाशी बसून मुलासाठी दोराचे गाठोडे सोडवत होते. मुलगा समोर चहा पीत होता. सून शिकवणीची तयारी करण्यासाठी संगणक घेऊन आली, नानांच्या शेजारी बसली, आणि उठून उभी राहिली.

“नाना, हा सदरा कधीपासून घालताय?”

“का ग?”

“घामानं आंबलाय. शेजारी बसवत नाही. काढा, धुवायला टाका.”

मुलाने कप खाली ठेवला आणि बायकोकडे असे पाहिले की जणू तिने वडिलांच्या अंगावर हात टाकला. तो काहीतरी बोलणार होता, सावरून घेण्याजोगे. परंतु नानांनी आधीच गुंड्या सोडायला घेतल्या होत्या. त्यांनी सदरा काढला, नीट घडी घातली आणि सुनेच्या हातात दिला. ती तो दोन बोटांत, दूर धरून उभी राहिली. चेहरा लपवण्याचा तिने कसलाही प्रयत्न केला नाही.

“अजून काही?” नानांनी विचारले.

तिने वाकून पाहिले. “मोजेसुद्धा.”

नानांनी मोजेही काढून दिले, मग बनियनवरच खिडकीशी सरकून बसले आणि चहाचा आणखी एक कप मागितला.